उजवा कौल

शेंदूर आणि खवट तेल यांचा एकत्र वास आला की मला अजूनही मळमळतं. घरची मंडळी देवळात जातात तेव्हा मी बाहेरच्या पायरीवर बसून राहते. सुनांना वाटतं, आईंचे गुडघे दुखतात. वाटू दे. माझे गुडघे ठणठणीत आहेत.

हा वास मला सासरी आल्यावर लागला. माझं माहेर मुरबाडपासून तासाभराच्या चालीवर. वडिलांची शेती होती, पण देवाशी त्यांचं कामापुरतंच होतं. दिवा लावायचा, हात जोडायचे आणि बैल सोडायचे. मुरबाडच्या शाळेत त्यांनी मला चौथीपर्यंत शिकवलं आणि पंधराव्या वर्षी शहापूर तालुक्यात, शेणव्याच्या पलीकडे डोंगराला टेकलेल्या एका गावात देऊन टाकलं. नवरा कसाऱ्याला, रेल्वेच्या घाटातल्या कामावर. महिन्याकाठी एकदा यायचा, कपडे धुऊन घ्यायचा आणि जायचा. मोठे दीर जर्मनची लढाई सुरू झाल्यापासून कल्याणला लष्कराच्या छावणीवर मजुरी करत होते. सासू मी येण्याआधीच वारलेली. तेव्हा घरात माणसं तीन: मी, माझी मोठी जाऊ आणि सासरे. सासऱ्यांना आम्ही दोघी मामा म्हणायचो.

मामांकडे गावदेवीची पिढीजात सेवा होती. दर मंगळवारी देवीला अंघोळ घालायची, सणाला शेंदूर चढवायचा, आणि गावाला काही विचारायचं असेल तर कौल लावायचा. कौल लावायची रीत सोपी. देवीच्या शिळेच्या डाव्या आणि उजव्या खांद्यावर ओल्या तांदळाचा एकेक दाणा चिकटवायचा, प्रश्न विचारायचा आणि वाट पाहायची. उजवा दाणा आधी पडला तर देवीचा होकार, डावा पडला तर नकार. पेरणीपासून सोयरिकीपर्यंत सगळ्या गावाचं ह्या दोन दाण्यांवर चालायचं.

मला मामांची किळस यायची, हे उघडच सांगते. माणूस वाईट नव्हता, दारू नाही, शिवी नाही. पण वाटेत शेंदूर लावलेला कुठलाही दगड दिसला की त्यांची कंबर आपोआप वाकायची. नखांत शेंदूर कायमचा भरलेला, आणि त्याच नखांनी ते भाकरी कुस्करायचे. ताट घासायला घेतलं की कडेला तांबडे कण. मी ते राखेने खसाखसा घासायची आणि पाणी लांब फेकायची. सकाळी तोंड धुऊन पडवीत बसले की माझ्याकडे बघून त्यांचं एकच वाक्य ठरलेलं.

"देवीचा धाक धर गो पोरी, मंग सगळा भला व्हतो."

रोज, पावसात, उन्हात, ताप आला तरी. मी मान हलवायची आणि मनात म्हणायची, धाक धरून तुमचं काय भलं झालं ते तर दिसतंच आहे. बायको गेली, दोन मुलं दोन दिशांना, आणि डोळ्यांवर मोतीबिंदूची साय. ह्या माणसाला देवीनं नेमकं दिलंय तरी काय?

देवीचं ठिकाण गावाच्या कडेला, एका जुन्या जांभळाखाली, वर पेंढ्याचं छप्पर. मूर्ती नव्हतीच. कमरेएवढी उभी शिळा, तिला नाक नाही, डोळे नाहीत. कित्येक पिढ्यांचा शेंदूर तिच्यावर बसून बसून जाड साल झालेली, आणि मधूनमधून त्या सालीचे पोपडे सुटायचे. पायथ्याशी आषाढातल्या कोंबड्यांचं रक्त वाळून काळं पडलेलं, त्यात पिसं चिकटलेली, वर माश्या. नवसाच्या फुटक्या बांगड्या. कुजलेल्या नारळाच्या कवट्या, त्यांत साचलेलं पाणी, पाण्यात वळवळणारे किडे. झाडलोट करायची ती आमच्याच घरच्या बायकांनी. मी नाकाला पदर लावून झाडायची, आणि बायका म्हणायच्या, काय सोवळी पोर आहे, देवीसमोर तोंड झाकून जाते!

आता त्या वर्षाचं सांगते. लढाईचं चौथं की पाचवं वर्ष असेल.

आमच्याकडे भात दोन प्रकारचं. वरच्या खाचरांत हळवं, ते आश्विनात कापायला येतं, आणि खालच्या खाचरांत गरवं, ते दिवाळीनंतर. रीत अशी, की नवा तांदूळ देवीच्या आधी कोणाच्या घशाखाली उतरता कामा नये. कापा, झोडा, कांडा, कणगीत भरा, पण चुलीवर ठेवायचा नाही. पहिला भात देवीला, मग गावाला. आणि तो कुठल्या मंगळवारी शिजवायचा ते देवी कौलात सांगणार. एरवी हे कोणाला जड जात नसे. घरात जुना तांदूळ असायचा. नवा आठ दिवस आधी काय, नंतर काय.

त्या वर्षी जुना तांदूळ श्रावणातच सरला. लढाईमुळे बाजारात तांदूळ दिसेनासा झाला होता. आम्ही वरी खाल्ली, रानातली भाजी खाल्ली, आणि ती संपल्यावर कडूकांद. हा कांद नावासारखाच कडू. चकत्या करून राखेच्या पाण्यात उकळायच्या, मग टोपली ओहोळाच्या धारेत बांधून ठेवायची, पुन्हा उकळायच्या. इतकं करून घशाला खाज सुटायची ती सुटायचीच. मामा स्वतःच्या वाट्याची वरी अर्धी जावेच्या ताटात सारायचे आणि कडूकांद खाऊन ढेकर द्यायचे. मला त्याचाही राग यायचा. ढेकर कसला देता, पोटात आहे काय?

भादव्याच्या शेवटी जाऊ बाळंत झाली. मुलगी झाली. शेजारणी आल्या, फडकं बाजूला करून पाहिलं आणि म्हणाल्या, "पोरगीच नं." जणू दुकानातून चुकीचं सामान आलंय. पोर चांगली होती, मुठी घट्ट आवळून रडायची. पण आईच्या पोटात कडूकांद, दूध कुठून येणार? दहा-बारा दिवसांत छाती सुकली, जेमतेम दोन-चार थेंब यायचे. शेळीचं दूध चिंधीनं पाजून पाहिलं, ते सगळं ओकून टाकलं. मी पायी शहापूर गाठलं. दुकानदारानं तांदळाचं म्हणून रिकामं पोतं झटकून दाखवलं, त्यातून धान्याची पाखरं उडाली आणि अळ्यांचा भुगा पडला. तोही घेऊन जा म्हणाला.

सुईण पोरीचे पाय बोटांत धरून बघत म्हणाली, "आईला दोन टाइम तांदळाची पेज दे. पेज पोटात गेली का दूध येल. नायतर पोर जाल तुमची."

आणि तांदूळ होता. तेच तर. आमचं हळवं कापून झालं होतं, मी आणि मामांनी झोडलं होतं, मी उखळात कांडलं होतं. जावेच्या बाजेपासून चार हातांवर कणगी. नव्या तांदळाचा गोड वास त्या खोलीत भरून राहिलेला आणि त्या वासात त्या दोघी उपाशी.

पहिल्या कौलाचा मंगळवार ठरला. आदल्या दिवशी देवीला तेल-शेंदूर चढवायचा. खरं ते मामांचं काम, पण दिसत नसल्यामुळे आधीच्या वेळी त्यांनी अर्धी शिळा कोरडी ठेवली होती आणि गावात हसं झालं होतं. जाऊ बाळंतीण. म्हणून माझ्यावर आलं.

मी वाटी घेऊन गेले. खुरासणीचं तेल जुनं होतं, त्याचा वास नाकातून डोक्यात चढत होता. देवीच्या उजव्या अंगाला जांभळाची मुळं वर आलेली, तिथे पाय ठरत नाही. डाव्या अंगाला उभी राहिले आणि हातानं लाल रबडी थापायला लागले. साल गार आणि गिळगिळीत, बेडकाच्या पाठीसारखी. हाताखालून एक झुरळ निघून माझ्या मनगटावर चढलं. मी ओरडून हात झटकला, होतं नव्हतं ते सगळं डाव्या बाजूला भसकन ओतलं, पलीकडे दोन बोटं फिरवली आणि ओहोळावर जाऊन मातीनं हात घासत बसले. झाली सेवा.

मंगळवारी सगळं गाव जमलं. पुढे आमचे चुलत सासरे. ह्यांची ओळख करून द्यायलाच हवी. आवाज मोठा, पोट त्याहून मोठं. सेवा आपल्या घरात यावी ही त्यांची जुनी हाव. त्या उपासमारीच्या दिवसांत त्यांच्या दारावरून जाताना जुन्या तांदळाच्या भाताचा वास यायचा, आणि तेच चावडीवर बसून गावाला सांगायचे की देवी भक्तांची परीक्षा बघतेय.

मामांनी ओले दाणे चिकटवले, हात जोडले, विचारलं. "आये, तुजा नवा ह्या मंगळवारी करू का?"

सगळे श्वास धरून बसले. मीसुद्धा, खोटं कशाला बोलू. थोड्या वेळानं डावा दाणा सरकला, थांबला, पुन्हा सरकला आणि टपकन खाली पडला.

"डावा!" चुलत सासऱ्यांनी टाळी वाजवली. "आयची मर्जी! अजून आठ दिस कोनी चुलीवर तांदूळ ठेवाचा नाय!"

लोकांनी माना डोलावल्या. कोणी हू का चू केलं नाही. एकेकाची बरगडी मोजता येत होती आणि ते त्या दगडाला साष्टांग नमस्कार घालत होते. मला त्या सगळ्यांची शिसारी आली. मामांनी कपाळ जमिनीला लावलं ते कितीतरी वेळ वर उचललं नाही. उठले तेव्हा कपाळाला पिसं आणि माती.

दुसऱ्या दिवशी मामा रानात गेल्यावर मी दार लावलं आणि मूठभर नवा तांदूळ शिजवला. पातळ पेज केली, मीठ घातलं, वाटी जावेच्या तोंडाला लावली. तिनं तोंड फिरवलं.

"देवीच्या आधी मी खाल्ला आन पोरीला काय झाला तर?"

"बाय, अजून काय व्हायचं राहिलंय? बघ तरी तिच्याकडं!"

"नको गो. तुझ्या पाया पडते, नको." आणि खरंच माझे पाय धरायला लागली. बाळंतीण बाई, पायांत ताकद नाही, बाजेवरून वाकून माझे पाय धरतेय! तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, ते ओठांच्या कडेनं गळत होतं, आणि ती ओठ घट्ट मिटून मान हलवत होती. मला इतका संताप आला की तिच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. वाटी नेऊन उकिरड्यावर ओतली. कोंबड्यांनी धावत येऊन एक दाणा ठेवला नाही. देवीनं कोंबड्यांना काही केलं नाही. त्या तशाच टुणटुणीत फिरत राहिल्या.

गुरुवारी मी देवीकडे झाडायला गेले आणि माझं लक्ष शिळेकडे गेलं. डाव्या खांद्यावरून खालपर्यंत तेलाचा एक चकचकीत माग, गोगलगाय गेल्यासारखा. तिथे मी ओतलेल्या तेलाचा अजून थर होता. आणि उजव्या खांद्यावर मंगळवारचा दाणा तसाच चिकटलेला, खरबरीत कोरड्या सालीवर वाळून घट्ट. मी नखानं काढायला गेले तर निघेना.

मी तिथेच बसले. कौल देवीनं दिला नव्हता. माझ्या घाईनं दिला होता. एक झुरळ अंगावर चढलं म्हणून मी तेल एकीकडे ओतलं होतं, आणि त्याच्यापायी पोर आणखी आठ दिवस उपाशी. आतापर्यंत किळस दुसऱ्यांची येत होती. त्या दिवशी माझ्याच हाताची आली.

धावत घरी आले. मामा पडवीत दोर वळत होते. मी सगळं सांगून टाकलं: तेल, झुरळ, डावी बाजू, वाळलेला दाणा. म्हटलं, "मामा, देवी नाय म्हणलीच नाय. उद्याच नवं करू."

त्यांचे हात थांबले नाहीत. "तुझा हात कोनी फिरवला?"

"कोनी म्हणजे? मीच."

"तसा नसतंय. तिच्या मनात नव्हता म्हनून तुझा हात तिकडं गेला."

"माझा हात मला घाण वाटली म्हणून गेला!"

दोर थांबला. "असा बोलू नको गो. देवी आयकते."

"आयकते तर पोरीचं रडणं का नाय आयकत?"

मामांनी पांढरट डोळे खोलीच्या दाराकडे वळवले. "पोर रडतंय कुठं आता," म्हणाले, आणि पुन्हा दोर वळायला लागले.

खरंच रडत नव्हती. दोन दिवसांपासून तिचा आवाज बंद होता, नुसतं तोंड उघडायचं. हे त्यांच्या ध्यानात आलंय आणि तरी हा माणूस दोर वळतोय! त्या क्षणी मला ते माणूस वाटले नाहीत. शेंदूर फासलेला आणखी एक दगड वाटले. धाक धरून धरून माणसाचं हे असं होत असेल, तर असला धाक आणि असलं भलं दोन्ही चुलीत जावं, असं मी त्यांच्या तोंडावर म्हटलं.

त्याच वेळी मी ठरवलं, पुढल्या सोमवारी माझा हात कुठे फिरेल ते.

फक्त एक धास्ती होती, मामा आता मला शेंदराला हात लावू देणार नाहीत. पण सोमवारी त्यांनी स्वतः हाक मारली. वाटी भरून तयार. एरवी थेंब थेंब मोजणारा माणूस, आणि वाटीत तेल अगदी काठोकाठ. शेंदूर पार तळाशी बसला होता. मी म्हटलं, डोळे गेलेत, अंदाज राहिला नाही. वाटी हातात देताना एवढंच म्हणाले, "सांडू नको."

ह्या वेळी मी मुळांवर पाय रोवून उजव्या अंगाला उभी राहिले. झुरळं आली ती चिरडली. उजव्या खांद्यावर तेल जिरेल तितकं जिरवलं, मग आणखी ओतलं. डावी बाजू पदरानं पुसून पुसून कोरडी केली आणि वर नुसता सुका शेंदूर भुरभुरवला. लांबून सगळं सारखंच लाल. कोणाला काय कळणार?

मंगळवारी पुन्हा गाव जमलं. मामा पुढे आले. आधी डावा दाणा लावला. मग उजव्या खांद्यावर बोटं टेकवली, आणि हात तिथेच थांबला. मी बायकांच्या घोळक्यात उभी. तेल त्यांच्या बोटांवरून मनगटाकडे ओघळताना मला दिसत होतं. त्यांनी अंगठा आणि बोटं एकमेकांवर चोळली. एकदा, दोनदा. आता ओरडतील, आता मला सगळ्यांसमोर पुढे ओढतील.

लोकांना वाटलं, मामा ध्यान लावतायत. चुलत सासरे मागून म्हणाले, "दाबून लावा जरा, पडल नायतर."

मामांनी दाणा लावला, अगदी हलकेच. तेलकट हात तसेच जोडले. प्रश्न विचारला तो पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू गेला नसेल. ते शेवटचा शब्द पुरा करायच्या आत उजवा दाणा खाली आला.

मग काय, एकच गलका. नारळ फुटले. कोणाच्या अंगात आलं. चुलत सासऱ्यांनी गुलाल उधळला आणि म्हणाले, मी आठ दिवस उपास धरला होता त्याचं हे फळ. मी पहिला भात शिजवला, देवीसमोर पानावर वाढला, आणि तिथून घराकडे अशी धावले की पदर काट्यांत फाटला. जावेनं पेजेची वाटी दोन्ही हातांनी धरली. आधी कपाळाला लावली, देवीचं नाव घेतलं, आणि मग घटाघटा प्यायली. चार दिवसांनी पोर दूध ओढायला लागली, सहाव्या दिवशी रडली. कोणाचं रडणं मला पुन्हा कधी तेवढं गोड लागलं नाही.

त्या दिवशी गाव जेवलं ते बघवत नव्हतं. सात-आठ आठवड्यांची भूक. हात कोपरापर्यंत माखलेले, पोरांच्या नाकातोंडात भात, खाऊन खाऊन काहीजण बांधावर ओकत होते आणि परत येऊन बसत होते. दर घासाला देवीचा जयजयकार. मीसुद्धा खाल्लं. भरपूर खाल्लं, आणि खाताना ह्या सगळ्यांना कसं बनवलं म्हणून मनात हसले.

मामांचं ताट वाढलं तर ते म्हणाले, पोट बरं नाही. उरलेला कडूकांद मागून घेतला आणि परसात जाऊन खाल्ला.

दिवाळी झाली आणि मामांनी देवीची सेवा चुलत सासऱ्यांना देऊन टाकली. डोळे गेले, आता निभत नाही, म्हणाले. गाव हो म्हणालं. चुलत सासऱ्यांनी तर त्याच दिवशी घंटा आणि वाटी उचलून नेली. मला बरं वाटलं. झाडलोट सुटली, वास सुटला. त्यानंतर मामा जांभळाकडे कधी फिरकले नाहीत. सकाळचं ते वाक्यही बंद झालं. पडवीत बसायचे, पण माझ्याकडे बघून काही म्हणायचे नाहीत. मी म्हटलं, चला, सुटले.

एकच नवीन कटकट लागली. भात पचत नाही म्हणून ते नाचणीची भाकरी मागायला लागले. दोन्ही वेळा. आम्ही भात खायचो आणि त्यांच्यासाठी मी वेगळं पीठ मळायची, वेगळा तवा तापवायची. शेतातून दमून यावं आणि ही वेगळी भाकरी! म्हातारचळ, दुसरं काय. मी ती त्यांच्यापुढे जवळजवळ आदळायची. ते पाण्यात बुडवून खायचे. हे तीन वर्षं चाललं, आणि त्या तीन वर्षांत गावात आमचं नाव झालं. दिरांना छावणीत मुकादम केलं, माझ्या नवऱ्याला कसाऱ्याला खोली मिळाली, मला मुलगा झाला, पोर दुडुदुडु धावायला लागली. बायका म्हणायच्या, म्हाताऱ्यानं जन्मभर देवीचा धाक धरला, बघा घर कसं भरलं. मी पाणी भरायचं निमित्त करून तिथून उठायची. इतकी किळस यायची त्या कौतुकाची.

लढाई संपली त्याच्या पुढच्या थंडीत मामा अंथरुणाला लागले. एका दुपारची गोष्ट. चुलत सासरे देवीचा अंगारा आणि प्रसादाचा चिमूटभर भात घेऊन आले. मामांनी ओठ मिटले. चुलत सासऱ्यांनी बोटानं तोंड उघडायचा प्रयत्न केला, तरी उघडले नाहीत. "भान नाय त्याला," असं म्हणून ते निघून गेले. जाऊ पोरीला घेऊन ओहोळावर गेली होती. मी एकटीच पाणी पाजायला बसले.

मामांना चांगलं भान होतं. त्यांनी हातानं चाचपत माझं मनगट धरलं.

"वाटी मीच भरली व्हती गो," म्हणाले. "काठोकाठ."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि हातातला पाण्याचा तांब्या मी खाली ठेवला.

"मी तुला इचारला व्हता, तुझा हात कोनी फिरवला," ते थांबून थांबून बोलत होते. "पयल्या बारीला देवीनं फिरवला. दुसऱ्या बारीला मी. तुझ्या अंगाला काय लागाचा नाय त्यातला. पोरीच्या पन नाय. मी देवीला तसा सांगून ठेवलंय."

"मामा, मग तो तांदूळ..." मी म्हटलं.

"तिनं दिला नव्हता. मी घेतला." त्यांनी डोळे मिटले. "मंग मी कसा खाऊ?"

संध्याकाळच्या आत ते गेले.

दहा दिवस घरात लोकांची रीघ होती. येणारा प्रत्येकजण म्हणत होता, पुण्यवान माणूस, देवीचा लाडका. मी चुलीपाशी बसून ऐकत होते. जो माणूस मनापासून समजत होता की देवीच्या धाकाबाहेर पाऊल टाकलं तर भलं होत नाही, इथेही नाही आणि पुढेही नाही, त्यानं शुद्धीत राहून, तेलानं माखलेल्या बोटांनी, ते पाऊल टाकलं होतं. मला त्यात भ्यायला काही नव्हतंच. माझ्या दृष्टीनं तो दगड होता. दगडाला फसवायला काय लागतं? त्यांनी मात्र आपल्या देवीला फसवलं होतं, आणि मग तीन वर्षं गुपचूप उपास काढला तोही तिची माफी मागायला नव्हे. फक्त जे तिनं दिलं नाही ते खाल्लं नव्हतं. एवढा धाक त्या गावात कोणाला नव्हता. मला तर नव्हताच.

ती पोर आता आजी झाली आहे. नवरात्रात न चुकता त्या जांभळाखाली जाते. आता तिथे पक्कं देऊळ आहे, फरशा आहेत. परत येताना माझ्या पायरीपाशी थांबते, माझ्या कपाळाला अंगारा लावते आणि म्हणते, "काकू, देवीनं मला तेव्हा वाचवलं म्हणतात." मी हो म्हणते. त्या अंगाऱ्याचा वास नाकात जातो, तरी मी तो पुसत नाही.

मामांच्या दहाव्याला पुरुष भाताचे पिंड घेऊन ओहोळावर गेले. मी घरी तवा ठेवला, नाचणीचं पीठ मळलं आणि एक भाकरी थापली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्या कडा नीट केल्या, करपू दिली नाही. मग परसात, ते जिथे बसून जेवायचे तिथे, पानावर ठेवली आणि शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला. आत येऊन दार लावलं आणि सगळ्यांसाठी भात शिजवायला बसले.